कुपाटीवरची चेरी

न्हाई, कोनाचाच इस्वास बसला न्हाई इहीनबाई, एकाचाबी न्हाई. खाजा मियाला सांगितलं — जवळा बाजारचा बेकरीवाला, आमचा माल तोच घेतो — त्याचा न्हाई बसला. शालूबाईला सांगितलं, ही आमची शेजारीन, बचत गटाची अध्यक्ष, गावात कोनी काहीबी सांगा हिचा बसतो, पन माह्यावर न्हाई बसला. पोटच्या पोराला सांगितलं, तर स्वप्निलनं गाडीची चावी उचलली आन् गेला निघून. नवऱ्याचं सोडा. त्यानं तीस वर्सांत मला कधी व्हय म्हनलं न्हाई आन् कधी न्हाईबी म्हनलं न्हाई, त्याचा इस्वास बसला का उठला हे त्यालाच माहीत न्हाई. आत या की. उंबऱ्यावर काहून बसता, खाट हाय आत. बरं, बसा उंबऱ्यावर. लक्ष्मीला आत यायला वाट ऱ्हाऊ द्या म्हंजे झालं.

ट्रंक काढून ठिवली हाय, ती पहा खाटंखाली, पळून चालली न्हाई. तुमी तर चपला काढायच्या आधीच म्हनल्या — माल कोनी नासवला त्याचं नाव सांगा, नाव खरं निघालं तर प्रतिक्षा महालक्ष्म्या बसायच्या आधी सासरी येईल, न्हाईतर तिची ट्रंक द्या, मी कुरुंद्याला घेऊन जाते. बराबर हाय. पोरीची आत्या म्हनून तुमाला धाडलं, तिचा बाप आला असता तर चहा पिऊन, पाऊसपान्याचं बोलून गेला असता, मला ठावं हाय. देते ना नाव. नाव द्यायला काय जातं. पन नुसतं नाव पदरात बांधून नेऊन काय करता, कसं झालं ते तर ऐका. चहा घ्या. साखर कमीच टाकली हाय.

येताना ती कुपाटी पाहिली का — घराभवती, काट्याची, हिरवीगार? करवंदी हाय ती. मी लावली. बावीस वर्सं झाली, स्वप्निल तवा रांगून उठला व्हता नुसता. परसात मेथी टाकली की शालूबाईच्या शेळ्या येऊन खाऊन जायच्या, मी भांडायची, ती म्हनायची मुकं जनावर हाय, मी म्हनायची तू तर मुकी न्हाईस ना. भांडून भांडून जीभ झिजली, मंग माहेराहून करवंदीची रोपं आनली आन् चारी बाजूनं लावून टाकली. दोन वर्सांत अशी दाटली की शेळी आली न्हाई. शालूबाईबी चार वर्सं आली न्हाई तिकडून. पिकली की लेकरं खायची, कच्च्याचं मी लोनचं घालायची, बास. वीस वर्सं मला वाटलं हे करवंदच हाय.

लग्नानंतर प्रतिक्षाचा पहिला वाढदिवस आला तर स्वप्निलनं केक आनला, खाजा मियाच्याच बेकरीतला. वर तीन लाल चेऱ्या बसवलेल्या. सगळे केक खाऊन राहिले आन् हिनं एक चेरी उचलली, नखानं फोडली, वास घेतला आन् मला म्हनती — आई, ही आपल्या कुपाटीवरची हाय. मी म्हनलं, बाई, बारावी शिकलीस ती ह्याच्यासाठी का. चेरी ती थंड मुलखातली, टीव्हीत दावतात, तिथं बरफ पडतं, आपल्याकडं पानी पडायची मारामार. ती म्हनली, ती खरी चेरी येगळी आई, ती लई महाग असती, केकवर असतं ते करवंद. बी काढून साखरंत मुरवलेलं, लाल रंगाचं. मी इस्वास ठिवला न्हाई. तिनं वाद घातला न्हाई. वाद घालतच न्हाई ती — करून दावती. लई वाईट खोड हाय मानसाला, वाद घातला तर निदान भांडता येतं.

तर जेठ महिन्यात तिनं करवंदं काढायला घेतली. कच्ची पाहिजेत, हिरवी-गुलाबी, काळी पडली की चेरीच्या कामाची न्हाईत. काढायला मीच, कारन काटे कोनाकडं वळलेत हे त्या झाडाचं मला माहीत, तिनं पहिल्या दिवशी हात घातला तर कोपरापोतर ओरखडे घेऊन आली. आन् देठातून पांढरा चीक निघतो, तो बोटाला चिकटला की दोन दिवस निघत न्हाई, म्हनून हाताला गोडंतेल चोळून बसायचं. बी काढायला तिनं काय केलं — केसाचा आकडा घेतला, बुचात खोवला, देठाच्या जागी टोचायचं, फिरवायचं, बी बाहीर. एक करवंद फाटू द्यायची न्हाई. मंग खारात, म्हंजे मिठाच्या पान्यात, मंग चुन्याच्या निवळीत म्हंजे कडक ऱ्हातात, मंग चार पान्यानं धुवायची, उकळत्या पान्यातून काढायची, मंग रंग आन् पाक. आन् तो पाक — पाच दिवस, इहीनबाई. पाच. पहिल्या दिवशी इतका पातळ की मला वाटलं पोरगी सरबत करून राहिली. त्यात करवंदं बुडवून झाकून ठिवायची. दुसऱ्या दिवशी पाक गाळायचा, अजून साखर टाकायची, उकळायचा, थंड करायचा, परत बुडवायची. तिसऱ्या दिवशी परत. मी म्हनलं, एकदाच काहून टाकत न्हाईस सगळी साखर, पाहुने थांबलेत का दारात. तर म्हनती, आई, करवंदाला कळू द्यायचं न्हाई साखर आत येऊन राहिली म्हनून. कळलं की ते आंग चोरून घेतं. मी हसले. करवंदाला काय कळतंय.

खाजा मियाला पहिला डबा दिला तर त्यानं एक तोंडात टाकली आन् म्हनला, खाला — मावशीला खाला म्हनतो तो — किधर से लाए? मी म्हनलं कुपाटीवरून. त्याचाबी इस्वास बसला न्हाई. दुसऱ्या दिवशी स्कूटर घेऊन आला, कुपाटीत हात घालून पाहिला, रगत काढून घेतलं आन् मंग म्हनला, हर महिने चार डब्बे देव. तवापासून आमी देऊन राहिलो. दोन वर्सं झाली. डब्याचं तोंड उघडलं की अशी लाल, गोल, चकचकीत — पानवालेबी त्याच्याकडून घेऊन जातात, मसाला पानावर लावायला.

मंग स्वप्निलनं स्टिकर काढले. मोबाईलवर आधी मला दावलं, आई पहा कसं वाटतं. मी चौथी शिकले, वाचता येतं मला. वाचलं. वर लाल फुलाचं चित्र — करवंदीचं फूल पांढरं असतं हे त्याला कोन सांगावं — आन् खाली मोठ्या अक्षरात, प्रतिक्षा चेरी. मी म्हनलं, छान हाय. दुसरं काय म्हनू. बावीस वर्सं कोन ते काटे टोचून घेतंय, आन् — जाऊ द्या. नव्या नवरीचं नाव हाय, लाडाचं हाय, आईचं नाव कोन लावतं डब्यावर. आईचं नाव रेशन कार्डावर असतं. न्हाई न्हाई, राग कशाचा, मी तुमाला स्टिकर कसं असतं ते सांगून राहिले.

तर मुद्द्याचं. पंचमी आली, तुमचा भाचा मोटारसायकल घेऊन तिला न्यायला आला, चार दिवस आधीच. जायच्या आधी तिनं घाईघाईत चार डबे करून ठिवले. माहेराची घाई म्हंजे तुमाला सांगायला नको, पंचमीचा झोका डोळ्यापुढं आला की पोरीचे हात धड चालत न्हाईत. ते डबे मी बाजाराच्या दिवशी खाजा मियाला नेऊन दिले. त्यानं चार गिऱ्हाइकांसमोर झाकन काढलं आन् आत काय, तर बकरीच्या लेंड्या. आकसलेल्या, वाळल्या, वर साखर दगडावानी. झालं हे असं. आता ह्यात माहं काय, सांगा. मी तर नुसते डबे वाहिले. नाव पाहिजे ना तुमाला, तर मी म्हनते त्या पंचमीचंच नाव घ्या, मानसाचं काहून घेता. पंचमीला चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई, तवा ठिवायचा न्हाई, सुई सुद्धा टोचायची न्हाई, नागोबाला लागतं. आमच्या घरात पहिल्यापासून पाळतात. दोन बादल्या करवंदं खारात पडलेली, बी काढायची बाकी, मी आकडा हातात घेतला आन् खाली ठिवला. सासूनं एकदा पंचमीला भेंडी चिरली व्हती तर वर्सभर तिचा आंगठा सुजलेला, डोळ्यांनी पाहिलंय मी. म्हनून एक आख्खा दिवस बादल्यांकडं पाहत बसले. आन् बाजार तिसऱ्या दिवशी. पाच दिवसांचा पाक मंग दीड दिवसात कसा —

काय?

व्हय. पंचमीला ती कुरुंद्यातच व्हती. तुमच्या लिंबाला झोका बांधला व्हता, फोटो धाडला व्हता तिनं मला.

चहा थंड व्हऊन राहिला तुमचा.

बरं. आता अशा पाहू नका माह्याकडं, सांगून तर राहिले. ती जाताना काहीच करून ठिवून गेली न्हाई. ती म्हनली, आई, कुपाटीवर आता शेवटची ऱ्हायलीत, पंचमी झाल्यावर मी येते मंग करू, तुमी एकट्या काट्यात जाऊ नका. असंच म्हनली. मंग खाजा मियाचा फोन आला, डबे कधी. मी म्हनलं बाजाराच्या दिवशी आनते, मी करून राहिले. तर तो म्हनतो — भला मानूस हाय, वाईट बोलायचं त्याच्या पोटात नसतं — तो म्हनतो, बहू को आने देव खाला, जल्दी क्या है. त्याला जल्दी नव्हती. मला झाली. काहून? मी काय लेकरू हाय का. झाड माहं, काटे मला ओळखतात, दोन वर्सं रोज तिच्या बाजूला बसून पाहून राहिले, चार पान्यानं कोन धुतं, मीच धुते. फक्त पाक तिचा. पाकात काय असतंय. साखर आन् पानी.

वही व्हती तिची, ट्रंकेतच हाय, तुमी नेनार ती. तिच्यात सगळं लिवलेलं हाय, कोन्या दिवशी किती वाटी साखर, किती येळ उकळायचं. मी काढली ती वही. वाचली. चष्मा लावून वाचली, दोनदा. पाच दिवस लिवलं व्हतं, सहाव्या दिवशी निथळायचं. खाली लाल पेनानं लिवलेलं — घाई करू नये. मी म्हनलं, शिकलेल्या पोरीला पानं भरायची सवय असती, परीक्षेत मार्क पडतात त्याला. एका दिवसाचं काम ती पाच दिवस पुरवती. तर पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बसले, आकड्यानं बिया काढल्या, अर्ध्या फाटल्या, फाटल्या तर फाटल्या. चुलीवर मोठं पातेलं ठिवलं आन् सगळी साखर एकदम. गुळाच्या काहिलीवानी पाक केला, तारच तार. त्यात करवंदं सोडली. सोडताना चांगली टपोरी व्हती बरं का. एक घटका गेली आन् माह्या डोळ्यांदेखत ती अशी — मूठ आवळावी तशी आवळत गेली. मी चमच्यानं दाबून पाहिलं. पानी टाकून पाहिलं. मंग झाकन लावलं, म्हनलं बंद डब्यात मुरून फुगतील. बाजाराच्या दिवशी सकाळी झाकन काढून पाहिलं. फुगली नव्हती.

आन् हे आता कोनालाच सांगितलं न्हाई मी, तुमालाच सांगून राहिले, उंबऱ्यावर बसला म्हनून. मी ते डबे बिनस्टिकरचे नेनार व्हते. त्याच्यासमोर ठिवून म्हननार व्हते, हे घे खाजा, हे माहं. एकटीचं. असं मी दोन दिवस मनात बोलून पाहिलं व्हतं, कुठं थांबायचं ते सुद्धा ठरवलं व्हतं. मंग त्या लेंड्या पाहिल्या. आन् आत गेले, स्वप्निलच्या टेबलावरून चार स्टिकर घेतले आन् एकेक करून लावले. बाजारात तिचं नाव तोंडातून निसटलं असं म्हनून राहिले मी सगळ्यांना, घाबरून निसटलं. निसटलं न्हाई. स्टिकर लावायला थुंकी लागत न्हाई आजकाल, पन मागचा कागद सोलावा लागतो, नखानं, त्याला येळ जातो. येळ व्हता मला.

मंग खाजा मियानं झाकन काढलं. खाला, ये क्या है? मी म्हनलं, सुनेनं केलंय, तिलाच इचार. त्यानं स्टिकर पाहिलं, माह्याकडं पाहिलं, म्हनला, बहू तो मायके में है ना? — मीच सांगितलतं त्याला फोनवर. मंग झाकनं लावली, डबे माह्या पिशवीत भरून दिले, चहा मागवला माह्यासाठी आन् दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला. शिव्या दिल्या असत्या तर मी दोन दिल्या असत्या. तिथं तुमच्या कुरुंद्याचा एक मानूस पाव घेत उभा व्हता. त्यानं सांजच्यापोतर गावात नेलं — प्रतिक्षाच्या सासूनं भर बाजारात सुनेचं नाव घेतलं. नेलं ना? नेनारच. मीबी नेलं असतं.

घरी आले तर शालूबाई कुपाटीच्या पलीकडून, काय झालं गं डब्याचं. तिला तेच सांगितलं. ती म्हनली, प्रतिक्षाच्या हातचं असं व्हत न्हाई. स्वप्निलला सांगितलं, तोबी तेच म्हनला, मंग चावी उचलली. आता ऐका, मला काय लागलं ते. कोनी असं म्हनलं न्हाई की मंजुळाबाई खोटं बोलती. तेवढं म्हनले असते तर मी कंबर बांधून भांडले असते, मला येतं. ते म्हनले, तिच्या हातचं असं व्हत न्हाई. एकाला सुद्धा वाटलं न्हाई की माह्या हातचं असं व्हत न्हाई.

स्वप्निल दोनदा आला तुमच्याकडं, दोनदा रिकाम्या हातानं परत आला, आता मला जेवायला मागत न्हाई, सोताच वाढून घेतो. तिचा फोन एकदाच आला. चौथ्या दिवशी. मला वाटलं आता बोलती, माहं नाव बाजारात काहून घेतलं म्हनून, मी सगळी तयारी करून फोन कानाला लावला. तर ती म्हनती, आई, पाक किती दिवस दिला व्हता? एवढंच. जशी काही आपन दोघी चुलीपुढंच बसलोत. मी म्हनलं, आवाज येऊन न्हाई राहिला. आवाज येत व्हता. तुमच्याकडच्या कोंबड्याचा सुद्धा येत व्हता. मी फोन ठिवला, त्याला आज एकवीस दिवस झाले. तिनं परत केला न्हाई, मी केला न्हाई.

पाच दिवस ऱ्हायलेत महालक्ष्म्यांना. मुखवटे डब्यातून काढून पुसून ठिवले हायत. सुनेनं आनायच्या असतात त्या घरात, पावलापावलानं. ती नसली तर मी आनीन, तीस वर्सं मीच आनल्या, हात काही मोडले न्हाईत. पन पहिल्या वर्सी ती आनत व्हती तर दारात थांबली आन् मला म्हनली, एक तुमी धरा आई, एक मी धरते. असं कुठं असतं का. धरली मी.

कुठं उठता, बसा. ट्रंकेला हात लावू नका. नाव मागायला आलता ना तुमी, ट्रंक न्यायला न्हाई. तुमी येनार म्हनून कळल्यापासून मी नावंच शोधून राहिले. खाजा मियाचं सापडलं, त्यानं बहूला येऊ दे म्हनायला नको व्हतं. स्वप्निलचं सापडलं. त्या कुरुंद्याच्या पाववाल्या मानसाचं, नागोबाचं, साखर ओलसर देनाऱ्या दुकानदाराचं सुद्धा सापडलं. एकबी तुमच्यासमोर टिकलं न्हाई.

तर जा. पाच वाजताची गाडी फाट्यावर येऊन राहिली, ती चुकली तर मुक्काम करावा लागंल आन् मला तुमची भाकर टाकावी लागंल. तिला म्हना, दीड दिवस. पाक दीड दिवस दिला व्हता, तिनं इचारलं व्हतं. आन् घरात गुपचूप सांगू नका, वसरीत सांगा, तुमच्या भावासमोर, तो पाववाला दिसला तर त्यालाबी बोलवा. सासूनं केलं असं म्हनू नका. आईनं केलं असंबी म्हनू नका — आई म्हनलं की ती पुढचं ऐकायच्या आधीच माफ करून टाकती, आन् तसली माफी मला नको. म्हागं बाईबी लावायची न्हाई. माल कोनी नासवला म्हनून इचारलं, तर एवढंच सांगायचं — मंजुळा.